छायादेवीचं छप्पर

आमच्या घरमालकांना ‘किती वाजले?’ असं विचारणं म्हणजे गांधीलमाश्यांच्या पोळ्यात हात घालणं होतं. मी तो पहिल्याच दिवशी घातला. दौंडच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो, गावाबाहेर नदीच्या अंगाला त्यांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती, आणि वळकटी सोडायच्या आत तोंडातून निघून गेलं, “गुरुजी, किती वाजले असतील हो?”

“वाजले?” गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. “काय वाजलं? कुणी वाजवलं? तुम्हाला काही ऐकू आलं का?”

“तसं नव्हे, वेळ काय झाली म्हणून...”

“वेळ! वेळ म्हणजे वेला. वेला म्हणजे मर्यादा, समुद्राचा काठ. दौंडात समुद्र आहे का?”

“नाही.”

“मग बसा.”

मी बसलो. उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि माझ्या पायांना वारुळं यायची तेवढी बाकी होती. त्या एका बैठकीत मला कळलं ते असं. घटका म्हणजे छोटा घडा. त्याच्या बुडाला भोक पाडून तो पाण्यावर सोडायचा; भरून बुडाला की एक घटका गेली. मग कुणीतरी उठून टोला हाणायचा, म्हणून ‘वाजले’. पळ हे मुळात वजन, म्हणजे आपले पूर्वज काळ तराजूत घालून बघत होते. दुपार म्हणजे दोन प्रहर. आणि माझ्या मनगटावर जे बांधलं होतं तो घडाच होता, फक्त कोरडा.

“मनगटाला घडा बांधून हिंडता,” गुरुजी म्हणाले, “आणि पाणी कुठं आहे म्हणून कुणाला विचारतसुद्धा नाही!”

आतून काकूंचा आवाज आला, “अहो, त्यांना जेवू तर द्या. आधीचा भाडेकरू पळालाय, विसरलात का?”

“पळाला नाही. त्याला जिज्ञासा नव्हती.”

गुरुजी उंच होते, वाळलेले होते, आणि उन्हात उभे राहिले की त्यांच्यापेक्षा त्यांची सावलीच जास्त अंगानं भरलेली दिसायची. उभी हयात शिरूरला एका शाळेत संस्कृत शिकवण्यात गेलेली. तिथल्या मुलांनी त्यांचं नाव शंकूगुरुजी ठेवलं होतं आणि ते त्यांच्या आधी दौंडात येऊन पोचलं होतं. शिरूरची एक गोष्ट अशी सांगत. मी तेव्हा तिथं नव्हतो, पण तेवढ्यानं काही ती खोटी ठरत नाही. प्रहर हा शब्द ‘प्र’ आणि ‘हृ’ मिळून झाला, त्याचा अर्थ टोला मारणे, हे मुलांच्या डोक्यात बसावं म्हणून गुरुजी तो अर्थ मुलांच्या गालावर बसवत. एकदा शाळा तपासायला साहेब आले. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला प्रेमानं विचारलं, “बाळ, दुपार म्हणजे काय?” पोरानं आधी उजवा गाल पुढं केला, मग डावा. साहेब म्हणे तिसऱ्या प्रहराची वाट न बघता परतले.

निवृत्त होऊन गुरुजी दौंडला आपल्या वडिलोपार्जित तुकड्यावर आले. तुकडा लहान, पण त्याला विहिरीचा तिसरा हिस्सा होता, आणि ह्या गोष्टीतलं सगळं रामायण त्या हिश्शापासून सुरू होतं.

विहीर तिघांची. गुरुजी, त्यांच्या मावळतीला हुसेनमामा आणि मामांच्याही पलीकडं आप्पा. आप्पा म्हणजे शेवंतीच्या फुलांचा मळा करणारा बेरकी गडी. हात कायम जोडलेले आणि डोळे कायम दुसऱ्याच्या पाटावर. हुसेनमामा भाजीपाला करायचे. त्यांच्या आज्ज्यापणज्यापासून घर तिथलंच. उन्हाळ्यात भेंडी, काकडी आणि गवार, ह्यावर घरातली सगळी तोंडं चालायची. बाकी काही म्हणजे काही नव्हतं. विहिरीवर तिघांत मिळून एक ऑइल इंजिन, आणि पाण्याच्या तीन पाळ्या ठरलेल्या: सकाळची गुरुजींची, मधली मामांची, नंतरची आप्पाची. भरदुपारी डोक्यावर ऊन घेऊन पाटाची दारं धरायला, म्हणजे माती सारून वाफ्यावाफ्यात पाणी सोडायला, कुणी तयार नव्हतं, म्हणून ती पाळी मामांच्या वडिलांनी हसत घेतली होती, ती तशीच चालत आलेली.

पाळी बदलायची कशी? तर गाडीच्या शिट्टीवर. आता दौंडात शिट्टीला काय तोटा! जंक्शनच ते. शंटिंगची इंजिनं दिवसभर कोल्ह्यांसारखी कोकलत असायची आणि ज्याला जी शिट्टी सोयीची ती त्याची. आप्पा तर म्हणे दूधवाल्याच्या सायकलची घंटा ऐकून सुद्धा, “आली बरं का पॅसेंजर,” म्हणून मामांचं दारं बुजवायला धावायचा. आठवड्याला एक भांडण ठरलेलं. मी एकदा भोळेपणानं म्हणालो, “माझं घड्याळ वापरा की.” तिघांनीही माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी विहिरीत थुंकलो होतो. आप्पा म्हणाला, “तुमी गुरुजींचं भाडेकरू. तुमचं घड्याळ गुरुजींच्याच बाजूनं चालनार.” आणि गुरुजी म्हणाले, “घडा!”

त्या रात्रीतून त्यांच्या डोक्यात छायायंत्र उगवलं.

दुसऱ्या दिवशी काकू दळायला बसल्या तर जात्याचा खालचा दगड गायब. गुरुजी तो ओसरीवर घेऊन छिन्नीनं टोकरत बसले होते. दगड गोल, सपाट आणि मधोमध भोक असलेला. देवानं सूर्यासाठीच घडवलेला आणि काकूंनी इतकी वर्षं फुकट बाजरीत घालवलेला, असं त्यांचं म्हणणं. भोकात उभा करायला सळई हवी होती. घरात एकच छत्री होती, तिची दांडी सरळ होती. झालं. छत्रीचं कापड आणि काड्या मेलेल्या वटवाघळासारख्या खुंटीला लटकत राहिल्या, आणि काकू दळण डोक्यावर घेऊन गिरणीची वाट चालायला लागल्या.

दिवाळीच्या सुमारास विहिरीच्या काठावर चौथरा बांधून यंत्राची स्थापना झाली. दगडावर सावली फिरेल तेवढ्या अर्ध्या भागाचे गुरुजींनी तीन सारखे वाटे केले होते, भाकरीचे करावेत तसे. एकावर कोरलं होतं पूर्वाह्ण, मधल्यावर मध्याह्न, तिसऱ्यावर अपराह्ण. सावली ज्याच्या घरात, पाणी त्याच्या शेतात. मग भाषण. आम्ही चौघं श्रोते, त्यात एक बैल.

“हा शंकू,” छत्रीच्या दांडीवर हात ठेवून गुरुजी म्हणाले. “शंकू म्हणजे खुंटा. सरळ उभा, कुणापुढं न वाकणारा.”

“तुमच्यावानी,” हुसेनमामा म्हणाले.

“माझ्यासारखाच. आता तुम्ही म्हणाल, तासानं का नाही मोजायचं? तर तास हा शब्द आपला नव्हे. तास म्हणजे अरबांचं भांडं, वाडगा. ते वाजवायचे म्हणून तास.”

मामांचे डोळे चमकले. “म्हंजी तास आमच्याकडचा?”

“दुर्दैवानं.”

“आन् घटका तुमची?”

“अर्थात.”

“तरीच म्हनलं, तास घटकेपरीस मोठा कसा!” मामा पोट धरून हसले. “आन् घड्याळाची तबकडी कुनाची वो?”

गुरुजी जरा घुटमळले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, विशेषतः शब्दांच्या बाबतीत. “तबक. तेही तिकडचंच.”

“घ्या! भांडं आमचं, ताटबी आमचं. तुमी नुसतं जेवाया बसा.”

मला वाटलं आपणही काहीतरी विद्वत्तेचं विचारावं. म्हणालो, “गुरुजी, छत्रीच्या दांडीनंच छाया मोजायची हे छान जमलं. छत्र आणि छाया, एकाच धातूचे ना?”

गुरुजी असे उसळले की बैलानं दावं ताणलं. “कुणी सांगितलं? छत्र छद् धातूपासून. छद् म्हणजे झाकणे. छाया छो धातूपासून. छो म्हणजे कापणे. उजेडाला कापते ती छाया! झाकणारं निराळं, कापणारी निराळी. ह्या दोघांचं लग्न लावणाऱ्याला मी वर्गातून कान धरून बाहेर काढला असता. शब्दाशी लबाडी करणारा माणूस पुढं कशाशीही लबाडी करतो, लक्षात ठेवा!”

मी लक्षात ठेवलं. पुढं ते उपयोगी पडलं.

तेवढ्यात आप्पानं हात जोडून विचारलं, “पर गुरुजी, छाया म्हंजी शनिमाराजांची आई न्हवं का?”

गुरुजींचा राग विरघळला. त्यांनी सूर्याची सगळी घरगुती भानगड सांगितली: बायकोला त्याचा ताप सोसवेना, ती आपली सावली त्याच्या घरात ठेवून निघून गेली, त्या छायेच्या पोटी शनी झाला. आप्पा डोळे मिटून, हात जोडून ऐकत होता. गुरुजींचं बोलणं आजवर कुणी हात जोडून ऐकलं नव्हतं. हात जोडले असतील ते ‘आता पुरे’ म्हणून. त्यांना भरून आलं. तिथंच घात झाला.

पहिले दोन महिने यंत्रानं असं काम केलं की सांगता सोय नाही. तिन्ही पाळ्या जवळजवळ सारख्या. भांडण बंद. इंजिनसुद्धा कमी खोकायला लागलं. आसपासच्या मळ्यांतून लोक बघायला आले. गुरुजी मान अशी ताठ करून चालायचे की समोरून येणाऱ्याला फक्त त्यांच्या नाकपुड्या दिसत. आप्पानं पहिल्या शनिवारी दगडाला हळदकुंकू लावलं, दुसऱ्या शनिवारी शेवंतीचा हार घातला, तिसऱ्या शनिवारी दांडीवर तेल ओतलं. “छायादेवी,” तो म्हणाला. “शनीची आई आपल्या हिरीवर आली. साडेसाती टळली बगा.” गुरुजींनी दोनदा तेल पुसलं. तिसऱ्यांदा पुसायला गेले तर आप्पाच्या म्हातारीनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की त्यांनी तोच फडका आपल्या चष्म्यावर फिरवला आणि घरी आले.

संक्रांत झाली, उन्हं चढायला लागली, आणि मामांची पाळी आटायला लागली.

गंमत अशी होती. छत्रीची दांडी सरळ उभी. थंडीत सूर्य दक्षिणेकडून तिरका जातो तेव्हा सावली सावकाश, घरोघर हळदीकुंकू घेत फिरावं तशी दगडावरून फिरायची. पण उन्हाळ्यात सूर्य जसा डोक्यावर यायला लागला, तशी ती सबंध सकाळ पूर्वाह्णाच्या घरात पाय पसरून बसायची, मधल्या घरातून शेपटाला आग लागल्यासारखी पळायची, आणि उरलेला सगळा दिवस अपराह्णात लोळायची. वाटे दगडावर सारखे होते. दिवसावर नव्हते. गुरुजींना धातू सगळे पाठ होते, पण सूर्य कुठल्या गणात चालतो हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

“गुरुजी,” होळीच्या सुमारास मामा ओसरीवर येऊन म्हणाले, “माझी पाळी रोज बारीक होतीया. चार वाफं भिजत न्हाईत तवर सावली भाईर.”

“हुसेन, वाटे समान आहेत. मी स्वतः मोजलेत.”

“वाटं समान हायत वो, पानी समान न्हाई.”

“उन्हामुळं तुला तसं वाटतं.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, “मी सुट्टीच्या दिवशी घड्याळ लावून बघितलं. मामांची पाळी खरंच निम्म्यावर आलीय आणि तुमची वाढलीय.”

“घड्याळ चुकत असेल.”

“रोज दुपारीच?”

“दुपारी तापतं ते,” गुरुजी म्हणाले आणि पोथी उघडून तोंडापुढं धरली. उलटी होती.

इकडं गुरुजींच्या परसातल्या केळींना एवढं पाणी मिळत होतं, की बेडकांनी तिथं घरं बांधून सोयरिकी जमवल्या होत्या. आप्पाचा मळा तर भर चैत्रात श्रावणासारखा हिरवा. आणि मधे मामांचं रान, दोन भरल्या ताटांच्या मधोमध रिकामी वाटी असावी तसं. भेंडीची पानं मिटायला लागली. लोक कुजबुजायचे की मास्तरानं संस्कृतात लिहून पाणी पळवलं. हे गुरुजींच्या कानावर गेलं असेल, पण त्यांनी ते कानावर घेतलं नाही. माणूस चोर नव्हता. नुसता विद्वान होता, आणि त्याचं नुकसान चोरीपेक्षा जास्त व्हायला लागलं होतं.

काकूंनीच शेवटी तोंड उघडलं. ताट वाढता वाढता म्हणाल्या, “हुसेनभावजींच्या घरी बाजारात न्यायला पाटी भरत नाही हल्ली. आपल्या केळी मात्र पोहायला शिकल्यात.”

“यंत्र शास्त्रशुद्ध आहे,” गुरुजी म्हणाले.

“असेल. तुमच्या शब्दांना पाणी लागत नाही. भेंडीला लागतं.”

गुरुजी ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते विहिरीवर जाऊन यंत्रासमोर बसले, यंत्र खरं आणि सगळं जग खोटं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. मे महिना. ऊन असं, की कावळासुद्धा दुसऱ्या कावळ्याच्या सावलीला बसला होता. मी रजेवर होतो, मीही गेलो. सावली पूर्वाह्णात बसलेली. ती पुढं सरकेना, नुसती आखूड व्हायला लागली. वीतभर, बोटभर, नखभर. मामा खोरं घेऊन पाटावर उभे, डोळे मधल्या घरावर. आप्पा हार घेऊन उभा.

आणि सावली गेली. पुढं नाही, मागं नाही. दांडीच्या मुळाशी जिरली. छत्रीची दांडी भर उन्हात उभी आणि तिला सावली म्हणून नाही! मामांनी अंदाजानं आपलं दारं फोडलं. पाणी तापलेल्या पाटातून फसफसत निघालं. पहिल्या वाफ्यापर्यंत पोचायच्या आत सावलीचा काळा ठिपका दांडीच्या पलीकडं, अपराह्णाच्या घरात उमटला.

“झाली मामा तुमची पाळी,” आप्पा म्हणाला. “बुजवा.”

मामांनी आधी पाण्याकडं पाहिलं, मग गुरुजींकडं. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खोऱ्यानं चिखल ओढून दारं बुजवलं आणि म्हणाले, “ह्यी तुमची देवी आमच्या दारावरनं गेली, पर हाळीबी देईना वो गुरुजी.”

गुरुजींच्या तोंडावरचा सगळा संस्कृतपणा उतरला. त्यांना चूक दिसली होती. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही भर उन्हात. ते उठले, चौथऱ्यावर चढले आणि दोन्ही हातांनी दांडी उपटायला लागले.

“गुरुजी!” आप्पा किंचाळला. “देवीला हात लावू नगा! आता परचिती दिली न्हवं का तिनं? सावली पोटात घेतली! आवो, समद्यांनी बगितली!”

त्यानं अशी बोंब ठोकली, की नदीपलीकडची म्हसरंसुद्धा धावून आली असावीत. घटकाभरात विहिरीवर जत्रा. बायका ओट्या घेऊन आल्या. आप्पाची म्हातारी घुमायला लागली. कुणीतरी गुरुजींना खांद्याला धरून खाली उतरवलं. ते ओरडून सांगत होते, “अहो, ही छत्रीची दांडी आहे! माझ्या छत्रीची! खाली आमच्या जात्याचा दगड आहे!” लोक म्हणाले, मास्तरांना ऊन लागलं. आणि त्यांच्या डोक्यावर देवीचंच तीर्थ शिंपडलं.

तीन दिवस गुरुजी ओसरीवर बसून होते. मी मुद्दाम ‘किती वाजले’ म्हणून विचारून पाहिलं, तर नुसते बघत राहिले. काकू घाबरल्या. मामांची भेंडी जमिनीला टेकायला आली होती. आणि आप्पा रोज सकाळी देवीला हार घालून, पाळी बदलायची झाली की सावलीकडं बोट दाखवून म्हणायचा, “मी काय करू मामा? देवीच तशी सांगतीया.”

शनिवारी गुरुजी उठले. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. मला म्हणाले, “चला.” विहिरीवर देवीपुढं गर्दी होती. गुरुजी चौथऱ्यासमोर गेले आणि त्यांनी साष्टांग नमस्कार घातला. आप्पाच्या हातातला हार गळून पडला. मीही हबकलो. तो माणूस विठोबापुढंसुद्धा नुसता मान हलवायचा.

“मंडळी,” गुरुजी उठून म्हणाले, “माझ्या हातून अपराध घडत होता. देवी उघड्यावर आहे. उन्हात! प्रत्यक्ष छायेच्या अंगावर ऊन! शास्त्र काय सांगतं?” त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. “छत्र आणि छाया हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून झाले. एका आईची लेकरं. जिच्यावर छत्र नाही, ती छाया अपुरी.”

माझ्या पायाखालची जमीन हलली. बैल असता तर तोही दचकला असता.

बायकांनी हात जोडले. आप्पानं इकडं तिकडं पाहिलं. देवीला छप्पर नको म्हणणारा भक्त कुठून आणायचा? उलट त्यालाच पुढं व्हावं लागलं. “इंजिनाच्या छपराचं जादाचं पत्रं हायत माझ्याकडं,” तो म्हणाला. देवीची सगळी थोरवी त्यानंच वाढवली होती; आता तिच्या पत्र्यांचं ओझंही त्याच्याच डोक्यावर आलं. गुरुजी स्वतः उभे राहून छप्पर घालून घेत होते. “अजून खाली घ्या पत्रा. देवीच्या अंगावर किरण पडता कामा नये. तिन्ही बाजूंनी भिंत. समोरून पडदा.” संध्याकाळपर्यंत छायायंत्र अशा अंधारात गेलं, की दांडी चाचपडून शोधावी लागावी.

दुसऱ्या दिवशी सूर्य चांगला वर आल्यावर आप्पा पडद्यातून डोकं आत घालून बराच वेळ बघत होता.

“गुरुजी, सावली कुटं हाय?”

“आप्पा, देवी सगळीच सावलीत आहे. तुला आणखी किती सावली हवी?”

आप्पानं गुपचूप नमस्कार केला. मामा खोऱ्यावर हनुवटी टेकून उभे होते. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. हसू दाबायला माणसाला केवढं बळ लागतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्याच दिवशी गुरुजी बाजारात जाऊन गजराचं घड्याळ घेऊन आले. तिघांच्या पाळ्या सारख्या तासांच्या, आणि ते ठेवलं मामांच्या हवाली. मामा ते कानाला लावून म्हणाले, “शेवटी आमचाच तास कामाला आला व्हय गुरुजी?”

“आला,” गुरुजी म्हणाले. “पाणी मोजायचंय. भांडं कुणाचं का असेना.”

भेंडी सगळी नाही वाचली, पण बाजारात पाटी भरून जायला लागली. काकूंना जात्याचा दगड मात्र कधीच परत मिळाला नाही. त्यावर आता आठवड्याला घाणाभर तेल पडत होतं.

पुढं माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी दौंडला गाडी बदलायची होती, हातात वेळ होता, म्हणून चालत मळ्याकडं गेलो. छायादेवीचं आता पक्कं देऊळ झालं होतं, आप्पाच्या थोरल्यानं दर्शनाला रांग लावली होती. आणि देवळाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत, लाल ऑइलपेंटमध्ये लिहिलं होतं: ‘छत्र आणि छाया, एकाच धातूची लेकरं. — शंकूगुरुजी.’ शाळेला निघालेली पोरं ते मोठ्यानं म्हणत पुढं जात होती.

गुरुजी ओसरीवरच होते. आणखी वाळले होते. कुठं जायचं झालं तर देवळाला वळसा घालून, बांधावरून जातात, असं काकूंनी दारातच सांगितलं.

“वाचलंत?” त्यांनी मला पहिलं हेच विचारलं.

“वाचलं.”

“पन्नास वर्षं खरं सांगत आलो. घटका, पळ, प्रहर. कुणाच्या काही लक्षात नाही. एकदाच खोटं बोललो, ते रंगवून ठेवलं माझ्या नावानिशी!”

“चुना फासून टाकू का?” मी म्हणालो. “गाडीला अवकाश आहे.”

गुरुजींनी नजर ओसरीबाहेर वळवली. समोर मामांचं रान दिसत होतं. भेंडी कमरेएवढी उभी होती आणि मामा, आता पाठीतून वाकलेले, पाटावर खोरं टेकून उभे होते. घड्याळ त्यांच्याजवळ बांधावर असणार, पण म्हाताऱ्याला ते आता दिसत नसावं. त्यांनी तिथूनच हाक मारली, “गुरुजी! वाजलं किती वो?”

मी खांबाला धरून तयार झालो. वेला, समुद्र, घडा, टोला, सगळं एकदम येणार म्हणून.

गुरुजींनी माझं मनगट धरून आपल्या डोळ्यांजवळ नेलं. नीट बघितलं.

“दोन वाजले, हुसेन,” ते ओरडले. “तुझं दारं बुजव. आप्पाची पाळी.”

मग माझा हात न सोडता, अगदी हळू आवाजात मला म्हणाले, “‘वाजले’ म्हणजे काय, ते तुम्हाला सांगितलंय ना मी?”